आग्नेसचा रिफंड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि फादरना — फादरना सांगितलं, पण असं की न सांगितल्यासारखंच. दर ईस्टरच्या आधी मस्कतमधल्या रुवीच्या चर्चमध्ये कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, बसले की म्हणायची, "फादर, मी मत्सर केला." फादर विचारायचे, "आणखी काही?" मी म्हणायची, "स्वयंपाक करताना चिडते." मग आम्ही दोघं चिडण्याविषयी बोलायचो. मत्सर कुणाचा, आणि त्यापायी केलं काय, हे त्यांनी विचारलं नाही. मी कशाला आठवण करून देऊ? तीन 'नमो मारिया' म्हणायच्या आणि बाहेर येऊन समोसा खायचा.

आता तुम्ही. तुम्ही फादर नाही, ते बरं आहे.

सध्या मी अल हैलला मुलीकडे असते. पाय दुखतात, कान चांगले आहेत — घरात ते कुणाला माहीत नाही. जेवताना जावई सांगतो की ओमानमध्येही आता इन्कम टॅक्स येणार, मोठ्या पगारवाल्यांना. तो त्यावर तावातावानं बोलायला लागला की मी मान खाली घालून मासा निवडत बसते. टॅक्स हा शब्द निघाला की माझ्या माशात काटे फार सापडतात.

तर ती बाई. म्हणजे मी. तरुणपणची मी तुम्हाला दाखवायलाच हवी, नाहीतर पुढचं पटायचं नाही. दार्सैतच्या एका इमारतीत दोन खोल्यांचा फ्लॅट. केस पर्म केलेले — शेजारीण म्हणायची शोभतात. शेजारीण खोटारडी होती. गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा. नवरा बोनिफास एका कंपनीच्या स्टोअरमध्ये, आणि मी बी.कॉम., लग्नाआधी वसईत एका सीएच्या ऑफिसात दोन-तीन वर्षं काढलेली. इथे आले ती फॅमिली व्हिसावर. नोकरी करायची नाही, असा व्हिसा. मग मी काय केलं? शुक्रवारची मास झाली की आमच्या जेवणाच्या टेबलावर दरबार भरवायला लागले.

गल्फमध्ये पगारावर टॅक्स नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पण गावच्या बँकेत ठेव असेल आणि माणूस परदेशात असेल, तर बँक व्याजातून टॅक्स आधीच कापून घेते — जवळजवळ तिसरा हिस्सा. व्याज थोडकं असेल आणि बाकी काही कमाई गावाकडे नसेल, तर तो सगळा परत मिळतो. फक्त रिटर्न भरून मागावा लागतो. न मागणाऱ्याला सरकार घरी आणून देत नाही. आणि आमची माणसं मागतात कुठे? ती म्हणतात, सरकारनं कापलं ना, गेलं. देवळातल्या पेटीत टाकल्यासारखं.

ते मी मिळवून द्यायची. फुकट! हलव्याचा डबा, किनाऱ्यावरच्या बरका गावचे ताजे बांगडे, एवढंच. पण माझं सुख बांगड्यात नव्हतं. समोर बसलेल्या फोरमनला, "व्याज किती? आणि ठेव बायकोच्या नावावर का नाही?" असं चष्म्यावरून विचारण्यात होतं. टॅक्सची मदर सुपीरियर होते मी. अख्ख्या इमारतीचे रिटर्न भरले. एक नाव सोडून.

माझं. माझं भरायचं काय? उत्पन्नच नव्हतं. आमची सगळी खाती बोनाची, त्यात मी दुसरी. बँकेच्या भाषेत, दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील ती. म्हणजे तो मेला की मी श्रीमंत. चांगला नवरा होता हो — मरावा असं वाटायचं नाही. पण नाव लावायला तेवढाच रस्ता?

आणि मग आमच्या घरी आग्नेस आली.

आग्नेस आमच्याच वसईची, पलीकडच्या गावची, विधवा. लेक अनिता भावाकडे ठेवून ती बरक्याला एका शेतघरात घरकामाला आली होती. अर्बाब, म्हणजे तिथला मालक, वाईट होता असं ती कधी म्हणाली नाही. विसरभोळा होता म्हणायची — पगार द्यायचा विसरायचा. पासपोर्ट परत द्यायचाही विसरायचा. एक दिवस ती मासळीच्या टेम्पोतून निघाली ती दार्सैतला उतरली, आणि खल्लीवल्ली झाली. कागद नसलेल्या माणसाला इकडे असंच म्हणतात. मंदिरामागच्या गल्लीत चार बायकांत एक खोली, आणि दिवसभर चार घरची कामं, त्यातलं एक घर आमचं. चेकिंग आलं की गल्लीतला पोरगा ओरडायचा, "यल्ला!" आणि आग्नेस अर्धी पुसलेली लादी तशीच टाकून गच्चीवर. खाली उतरली की म्हणायची, "चला, आज वारा खाऊन झाला."

ती हसवायची. इथपासून माझं पोट दुखायला लागलं.

बोना घरात कधी हसला नव्हता असं नाही. माझ्या विनोदांना तो 'हं' म्हणायचा. तिच्या विनोदाला चहा नाकातून यायचा. तिनं आमचं आंबट-तिखट इंद्याल केलं की दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा, आणि वर मलाच विचारायचा, "फिलू, तू यात नक्की काय कमी घालतेस?" बघा हं — 'कमी'!

पण ते मी सहन केलं असतं. बाई, सहन झालं नाही ते ग्लेंडाचं. माझी लेक तेव्हा सात-आठ वर्षांची. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी इंग्रजी. मी मराठीत विचारलं की तीही इंग्रजीतच उत्तर द्यायची, आणि मी लोकांना सांगायची, मुलांना जडच जातं. एका दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला — "आग्नेसमावशी, मना भूक लागली." मला नाही. मना! माझ्या आजीच्या तोंडचा शब्द. मी शिकून शहाणी होऊन 'मला' म्हणायला लागले, आणि माझ्या पोरीनं तो शब्द मोलकरणीकडून उचलला. भूक लागली की ती तिच्याकडे जात होती.

मी दारात उभी राहिले. मग आत जाऊन म्हटलं, आग्नेस, बाथरूम नीट घासलेली नाही. घासलेली होती.

कळतंय ना, कुठे चाललेय मी? मीही हळूहळूच जातेय.

एका जुलैमध्ये, रिटर्नच्या मुदतीच्या महिन्यात, शुक्रवारीच, दरबार उठल्यावर आग्नेस हात पुसत टेबलाशी आली. बसली नाही. "बाय, माझं पण बघशील? बँकवाले माझ्या व्याजातून कापतात, भाऊ सांगतो." मला आधी हसू आलं. हिची ठेव? मग कळलं, नवऱ्याच्या अपघाताचे पैसे आले होते, ते तिनं तसेच बँकेत ठेवलेले. अनिताच्या नर्सिंगच्या फीसाठी. मोडायचे नाहीत, अशी शपथ. पॅन कार्ड तेव्हाच काढलेलं.

मी कॉम्प्युटरवर तिचं पान उघडलं. कुणाच्या नावावर किती टॅक्स जमा झाला, ते तिथे दिसतं. आणि तिथे, सगळ्यात वर, ठसठशीत — तिचं नाव. तिचं एकटीचं. ना नवऱ्याचं, ना भावाचं, ना 'मागे राहील ती'. खाली वर्षामागून वर्ष भारत सरकारला तिनं भरलेला टॅक्स. जिच्याकडे पासपोर्ट नाही, जिला रस्त्यावर निघताना दोनदा वळून बघावं लागतं, ती बाई करदाती होती. आणि मी? दोन देशांत मिळून एकाही सरकारच्या दफ्तरात पै जमा नसलेली, कुणाची तरी बायको.

रक्कम चांगली होती. सगळी परत मिळण्यासारखी; मागची काही वर्षंसुद्धा मुदतीत होती. आग्नेस म्हणाली, "तेवढ्यात माझा दंड सुटेल, बाय. आणि तिकीट. मग मी घरी जाईन. अनिताच्या जवळ." इथे मुदतीबाहेर राहिल्याचा दंड भरला की एम्बसीच्या कागदावर माणूस घरी जाऊ शकत होता. ठेवीला हात न लावता तिला घरी नेणारे एवढेच पैसे होते.

मला काय करायचं होतं? अर्धा तास टाइप करायचं, तिची एक सही घ्यायची, पाकीट बंगळुरूच्या टॅक्स ऑफिसला टाकायचं. तो फॉर्म व्हिसा विचारत नाही. ओमानचं कार्ड विचारत नाही. त्याला इथल्या पोलिसांशी काही देणंघेणं नाही. हे मला माहीत होतं. माझ्याइतकं दार्सैतमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

मी चष्मा काढला. साखळीवर सोडला. आणि म्हटलं, "आग्नेस, तुझं नाही होणार. तू रिटर्न भरलास की तुझा पत्ता तिकडून एम्बसीला जातो, एम्बसीकडून इथल्या पोलिसांना. दोन महिन्यांत धरतील तुला. जेलमध्ये जाशील."

झालं. सांगितलं.

एवढंसंच होतं, नाही? इतकी वर्षं पोटात ठेवलं तेव्हा केवढं वाटायचं.

तुम्ही म्हणाल, बये, तिच्यामुळे तुझा एवढा जळफळाट होत होता, तर जाऊ द्यायचं ना तिला घरी! नवरा तुझा, लेक तुझी, इंद्याल तुझं. बरोबर आहे. मत्सराला एवढी अक्कल असती तर त्याला व्यवहार म्हटलं असतं. ती जावी असं मला वाटत नव्हतं. ती जिंकून जाऊ नये, असं वाटत होतं. तिनं स्वतःच्या नावाचा पैसा सरकारकडून परत घ्यावा, विमानात बसावं, आणि ग्लेंडानं विमानतळावर रडावं — तेही माझ्याच हातानं, माझ्याच टेबलावरून? नको.

आग्नेसचा चेहरा पांढरा पडला. मग तिनं काय केलं माहितीय? माझा हात धरला. "बाय, तू होतीस म्हणून. दुसऱ्या कुणाकडे गेले असते तर मेलेच असते." आणि त्या दिवशी तिनं फुगे तळले, आमच्याकडे सणाला करतात ते पिठाचे गोळे. भरपूर. मी खाल्ले.

हिनं शांत बसावं ना? पण आग्नेसला कुणी काही चांगलं केलं की ते चार घरी सांगायची सवय. फिलूबायनं मला वाचवलं, असं ती सांगत सुटली. बिनकागदाची किती माणसं त्या गल्ल्यांत — गवंडी, शिंपी, पार्लरवाल्या. गावाकडे बहुतेकांची छोटी-मोठी ठेव, आणि बहुतेकांचं काही ना काही कापलेलं. पुढच्या जुलैत माझ्या टेबलावर त्यांच्यातलं एकही आलं नाही. जिन्यात भेटलेला एक शिंपी मला नमस्कार करून म्हणाला, "मॅडम, आपण सांगितलंत म्हणून आम्ही सावध झालो." मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "जपून राहा."

दुरुस्त करता आलं असतं. दर वर्षी जुलै येतोच. दुसऱ्या वर्षी आग्नेसनं भीत भीत विचारलं, "बाय, आता तरी नियम बदलला का?" मी म्हटलं, "उलट कडक झालाय." तिसऱ्या वर्षी तिनं विचारलं नाही, आणि मागच्या वर्षांची मुदत एकेक करून सरत गेली. ते पैसे आता सरकारचे.

अनिता नर्स झाली. आईशिवाय. मग तिचं लग्न ठरलं, आणि दंडाचे पैसे अजून जमत नव्हते, कारण ठेव पुरली नाही आणि आग्नेस मिळेल ते फीला पाठवत आली होती. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला नारळाच्या दुधाचा रोस लावतात. पहिला हात आईचा. आग्नेसनं सकाळी माझ्या स्वयंपाकघरात नारळ खवला, दूध काढलं, वाटीत घेतलं. जेवणाच्या टेबलावर मी तिला लॅपटॉप लावून दिला. तिकडे मांडवात अनिता पिवळ्या साडीत, मागे बायका गात होत्या, चित्र मधेच अडकत होतं. कुणीतरी ओरडलं, "आईला बोलवा, आईला!" आग्नेसनं बोटं दुधात बुडवली आणि स्क्रीनवर, लेकीच्या गालावर ठेवली. एका गालावर, मग दुसऱ्या. तिकडे अनितानं डोळे मिटले.

दूध ओघळून बटणांवर जायला लागलं. ज्यावर तिचा रिटर्न भरला गेला नाही, तेच ते टेबल. मी लॅपटॉप धरून उभी होते.

आणि ऐका, एवढ्यावर थांबले असते तरी मी स्वतःला माणूस म्हणवून घेतलं असतं. पण त्या वेळी ग्लेंडा धावत आली, आग्नेसच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडायला लागली — आणि माझ्या मनात आलं, माझ्यासाठी अशी कधी रडली नाही. तेव्हा! तेव्हाही तेच आलं.

मी नंतर स्क्रीन पुसली. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्या.

पुढे ओमान सरकारनं माफी जाहीर केली. बिनकागदाच्यांनी दंड न भरता घरी जावं. आग्नेस त्या रांगेत लागली आणि गेली. जाताना मी तिला एक बॅग दिली, चाक मोडलेली. ग्लेंडा विमानतळावर रडली. सगळं माझ्या भीतीप्रमाणे झालं, फक्त काही वर्षं उशिरा, आणि आग्नेसच्या पैशांशिवाय.

संपलं असं वाटलं होतं. मग गेल्या जुलैत काय झालं ते सांगते.

ग्लेंडाकडे आता लता येते, घरकामाला. कुडाळची. पार्लर बंद पडलं, मालक गायब, व्हिसा संपला — तीही खल्लीवल्ली. नातीला आंघोळ घालता घालता ती मला म्हणाली की बँकवाले तिच्या व्याजातून कापतात. माझ्या हातातलं बिस्किट चहात पडलं. मी म्हटलं, "अगं, ते परत मिळतं. आण तुझं पॅन कार्ड, मी भरून देते." लता घाबरून मागेच सरली.

"नको गो आजी! ता भरल्यार धरतत."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतत. दार्सैतात कोणाकय इचार. आग्नेस म्हणान एक बाय होती, तिका एका शिकलेल्या बायेन वाचवल्यान. देवमाणूस होती म्हणे ती."

मी म्हटलं, लता, ते खोटं आहे. साफ खोटं. त्या फॉर्ममध्ये कुणी पोलिसांना कळवत नाही. लतानं माझ्याकडे पाहिलं — म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात तसं, मायेनं. "आजी, तुका आता काय म्हायत? ती बाय शिकलेली होती."

एकच वाक्य बोलायचं होतं. ती बाय मी. एवढं म्हटलं असतं तर लतानं कार्ड आणून दिलं असतं. नातीचे केस पुसत ती माझ्यासमोर उभी होती, घाई नव्हती, घरात आणखी मोठं कुणी नव्हतं. मी बिस्किटाचा लगदा चमच्यानं काढला आणि म्हटलं, "पोरीच्या कानात पाणी राहिलंय बघ."

लताचं त्या वर्षीचंही गेलं.

आग्नेस वसईत आहे, अनिताच्या घरी, दोन नातवंडांत. दर वर्षी मे महिन्यात ती बाटली मसाला कुटते आणि सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी हाती मला पाठवते, बिअरच्या तपकिरी बाटलीत ठासून भरलेला. आणणाऱ्याजवळ निरोप ठरलेला असतो — फिलूबायला सांगा, तिची आठवण काढते, तिनं मला वाचवलं.

या वर्षीची बाटली परवा आली. काल ग्लेंडानं त्यातलं इंद्याल केलं. सगळ्यांनी दोनदा घेतलं. मीही घेतलं. माझ्या मसाल्याला तो रंग कधी आला नाही.